पगडीचं दुसरं टोक

१

सकाळी सात वाजता अजैबने मेकअपच्या व्हॅनचं कुलूप काढलं, तो आत गेला, लगेच बाहेर आला आणि पायरीवरच खाली बसला. मी समोर खाटेवर किनू, म्हणजे इकडचं संत्रं, सोलत होतो. वाटलं, त्याला चक्कर आली असावी. जवळ गेलो, तर त्याने नुसतं आत बोट दाखवलं.

आरशासमोरच्या खुर्चीवर, अर्धवट सरकलेल्या टॉवेलखाली तेगची गाजरी पगडी पडली होती. कापलेली. खाली जमिनीवर अजैबचीच कात्री होती.

"बाऊजी," अजैब म्हणाला, "मी बावीस वर्षं लोकांच्या डोक्यावर पगड्या बांधतोय. असं कधी बघितलं नाही. एखाद्याचा हात मोडला असता तरी चाललं असतं."

तेग खारा हे त्याचं गाण्यातलं नाव. खारा हे पंजाबच्या मालव्यातलं त्याचं गाव. विहिरीवरच्या पंपघरात मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं त्याचं पहिलं रॅप कोट्यवधी लोकांनी ऐकलं, आणि आता सव्विसाव्या वर्षी तो पहिल्या सिनेमाचा नायक होता. कुरालीजवळच्या या शेतघरात आमचं शूटिंग दीड महिना चाललं होतं आणि तो शेवटचा दिवस होता. मी पतियाळ्याच्या एका कॉलेजातला निवृत्त ग्रंथपाल. तेग चौदाव्या वर्षी मामाकडे कॅनडाला गेला आणि बाविसाव्या वर्षी परतला. मधल्या काळात त्याची पंजाबी जरा लंगडी झाली होती. ती सरळ करायला मला ठेवलं होतं. मी एकदा एक कवितासंग्रह छापला होता. त्याच्या एक्केचाळीस प्रती खपल्या. तेगच्या प्रत्येक गाण्यात त्याच्या पगडीच्या पेचाची, म्हणजे वेढ्याची, ओळ असायची आणि लाखो पोरं ती पाठ म्हणायची. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

दहा मिनिटांत सगळं युनिट व्हॅनपाशी जमलं. तेग टोपी घालून आला. त्याने तुकड्यांकडे पाहिलं, मग गर्दीकडे.

"जिंदर कुठंय?"

जिंदर त्याच्याच गावचा. तेगची सगळी गाणी त्याने लिहिलेली. सिनेमात नायकाच्या मित्राचं छोटं कामही त्यालाच दिलं होतं. तो चहाचा पेला घेऊन मागे उभा होता.

"सकाळी व्हॅनची चावी तू नेली होतीस ना?"

"वही घ्यायला. अजैब पाजींना विचारून."

"माझा बापू दोन वाजता येतोय, गावची बस घेऊन," तेग म्हणाला. आवाज चढवला नाही, म्हणून जास्तच भीती वाटली. "त्याच्या आधी तू इथून गेलेला असशील. नाहीतर मी सगळ्या गावासमोर सांगेन की भावाची पगडी कुणी कापली."

जिंदरची आई खाऱ्यात एकटी राहत होती. हे एकदा गावासमोर बोललं गेलं असतं, तर तिच्या दारात पुन्हा कुणी उभं राहिलं नसतं. जिंदरने चहा गवतावर ओतला आणि रिकामा पेला तसाच हातात धरून उभा राहिला.

२

आमची दिग्दर्शिका नवकिरण. सगळे तिला किरण मॅडम म्हणत. तिने मला बाजूला घेतलं.

"बाऊजी, पोलीस आणले तर उद्या घरोघर हेच. तुम्ही बघाल का? हरवलेली पुस्तकं हुडकायचात ना?"

"पुस्तकं खोटं बोलत नाहीत, मॅडम. मला हे जमणार नाही."

"तुमच्याशी सगळे बोलतात. कारण तुम्ही मध्ये बोलत नाही." तिने घड्याळ पाहिलं. "शेवटचं दृश्य आजच व्हायला हवं. आपले जुने नट वरयाम पाजी रात्री व्हँकुव्हरला उडणार. आणि या रंगाचा दुसरा कपडा नाही. एक मारामारीच्या दृश्यात चिखलात गेला. रंगारी म्हणतो, दोन दिवस लागतील."

शेवटचं दृश्य म्हणजे पगडी बदलण्याचं. नायक आणि त्याचा मित्र वैर विसरून एकमेकांच्या पगड्या बदलतात आणि भाऊ होतात. प्रत्येकाने मित्राची पगडी सर्वांसमोर, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या डोक्यावर बांधायची. मॅडमना ते एका दमात, कॅमेरा न थांबवता हवं होतं.

जिंदर ट्रॅक्टरच्या मागे बसला होता.

"या, बाऊजी. तपास का? मीच केलंय म्हणा, सुटाल लवकर."

"केलंस का?"

"नाही. पण करावंसं वाटलं नाही असं म्हणालो तर ते खोटं." त्याने वही उघडून दाखवली. "हे शेवटचं कडवं. आमच्याकडे गाणं लिहिणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात असतं, ते तुम्हाला काय सांगायचं. या सिनेमाच्या गाण्यातून माझं कडवंच उडवलं. परवा कळलं. मी विचारलं तर तेग म्हणतो, कंपनीने लांबी कमी केली. अकरा गाण्यांत लांब झालं नाही, आणि बाराव्यात झालं."

"म्हणून भांडलात."

"सगळ्यांनी ऐकलं ना? मी म्हणालो, तुझ्या तोंडात माझीच जीभ आहे, ती काढून घेतली तर फक्त दाढी उरेल." तो कसंनुसं हसला. "लोक त्याला खांद्यावर घेतात, बाऊजी. मी गर्दीत उभा राहून माझेच शब्द ऐकतो. कधी कधी मला त्याचा चेहरा बघवत नाही. मग पगडी कशाला बघू? आज सकाळी आत गेलो, टेबलावरची वही उचलली, बाहेर आलो. खुर्चीवर टॉवेल होता. खाली काय होतं, नाही पाहिलं."

"किती वेळ होतास आत?"

"चहावाल्या मावशीला विचारा. तिने पेला भरला तेव्हा गेलो, आलो तेव्हा चहा गरमच होता."

मी विचारलं. मावशी म्हणाली, "पाच मिनिटंसुद्धा नाही. आणि त्याचं तोंड बघा, तो कोंबडीसुद्धा कापायचा नाही."

पण कात्री चालवायला पाच मिनिटं पुरतात. मी माझ्या वहीत तसं लिहिलं, आणि लिहिताना मला वाईट वाटलं.

३

अजैब कात्री पुसत होता. मी थांबवलं. पुरावा वगैरे असतो, असं काहीतरी पुटपुटलो.

"कसला पुरावा? माझीच आहे. माझ्याच बोटांचे ठसे."

"काल तुम्ही किती वाजता गेलात?"

"चारला. मोहालीत माझा पगडीचा वर्ग असतो. तेगचं काम पाचला संपलं. जाताना सांगून गेलो, पुत्तर, पगडी टोपीसारखी उचलू नकोस, एकेक पेच सोडून काढ. म्हणाला, हो, सोडून खुर्चीवर पसरून ठेवतो. आज सकाळीही तेच म्हणतोय, की पसरून ठेवली, काल सातला त्याच्याजवळच्या चावीने कुलूप लावलं आणि गेला."

"रोज सकाळी बांधता तुम्हीच?"

"मीच. पण पूणी करताना दुसरं टोक त्यालाच धरायला लावतो. स्टार असशील तुझ्या घरी, म्हटलं, सहा मीटर कपडा ताणून घड्या घालायला दोन माणसं लागतातच." मग त्याची धंदेवाईक नजर माझ्या डोक्यावर गेली. "तुमच्या पगडीचा हा कोपरा रोज चुरगळलेला दिसतो, बाऊजी. घरी पूणीला माणूस नाही का?"

"खिडकीचा गज आहे. त्याला टोक बांधतो."

तो ओशाळला. माझी पत्नी हरबंस जाऊन नऊ वर्षं झाली, हे त्याला कुठून माहीत असणार?

"तुमचं नाव सिनेमात येणार होतं म्हणे," मी विषय बदलला.

"येणार होतं. आता 'वेशभूषा साहाय्य' म्हणून चौदा जणांत आहे. राग आहेच. पण त्यासाठी पगडी कापणारा माणूस माझ्या धंद्यात जन्मायचा आहे." तो थांबला. "एक सांगू? काल जाताना पगडी ओलवायचा पाण्याचा फवारा गच्च भरून ठेवला होता. आज बघतो तर थेंब नाही. कापणारा पाणी प्यायला की काय?"

वरयाम पाजी उन्हात बसून खारी, कडक मठ्ठी खात होते. जुन्या नाटकातले मोठे नट. एके काळी त्यांची गाणी गावोगावच्या जत्रेत गाजायची. सिनेमातलं त्यांचं एकमेव गाणंही कापलं गेलं होतं.

"माझ्यावर संशय घ्या हो," ते म्हणाले. "दीड महिन्यात कुणी माझ्याकडे एवढं लक्ष दिलेलं नाही."

"तुम्हाला तेगचा राग येतो?"

"राग नाही, जळफळाट. मी तीस वर्षं गळा घासला. हा चालता चालता बोलतो आणि त्याला गाणं म्हणतात. पण माझ्याकडे व्हॅनची चावी कुठंय? मला तर व्हॅनच नाही, मी तंबूत कपडे बदलतो." मठ्ठीचा तुकडा त्यांनी कावळ्याला टाकला. "काल संध्याकाळी सहाच्या सुमाराला फिरून येत होतो. व्हॅनच्या दाराची कडी आतून वाजत होती. खडखड, थोडा वेळ शांत, पुन्हा खडखड. आणि हा आरशाला शिव्या देत होता, इंग्रजीतून. म्हटलं, चला, अभिनयाचा सराव करतोय. उशिरा का होईना."

"त्याला अभिनय येत नाही, असं तुम्हाला वाटतं?"

"येतो, ठीक येतो. पण त्या जिंदरला येतो म्हणजे काय, ते त्यालाच माहीत नाही. परवाच्या तालमीत पगडी बांधता बांधता तो बोलला, अर्ध्या युनिटचे डोळे भरले. टाळ्या पडल्या. तेगची पाळी आली तर म्हणाला, मी थेट कॅमेऱ्यासमोर बांधीन. आणि गेला निघून." वरयाम पाजी माझ्याकडे झुकले. "मी नट आहे, साहेब. टाळ्या दुसऱ्याला पडतात तेव्हा माणूस कसा चालतो, ते मला पाठ आहे."

४

साडेबारा वाजले होते. मी व्हॅनमध्ये एकटाच बसलो आणि तुकडे जमिनीवर मांडले. अकरा तुकडे. फाटलेल्या पुस्तकाची पानं लावतात तसे कडेला कड जुळवत गेलो. दुसरं काही मला येतही नाही.

पसरून ठेवलेला कपडा कापला असता तर काप आडवे, सरळ आले असते. हे काप तिरके होते, आणि एकावर एक ठेवले की नेमके जुळायचे. म्हणजे एकाच वेळी पाच-सहा थर कात्रीत सापडले होते. एका तुकड्याला तर टाचणी तशीच होती, दोन पेच धरून ठेवणारी. कापली तेव्हा ती पसरलेली नव्हती. बांधलेली होती, टोपीसारखी उचलून ठेवलेली.

पण तेग ती सोडायच्या आळसाने तशीच ठेवून गेला असेल, आणि अजैब रागावेल म्हणून खोटं बोलला असेल. मग जिंदरने बांधलेलीच कापली. तेही शक्य होतं.

मी शेवटचा तुकडा सपाट केला. त्याचा कोपरा चुरगळून, पिळवटून वाळला होता. कितीही दाबला तरी सरळ होईना. असला कोपरा मी कुठे पाहिलाय, ते आठवायला मला वेळ लागला. मग आरशात वर पाहिलं. माझ्या स्वतःच्या डोक्यावर, उजव्या कानामागे, तो होता.

गाठीचा कोपरा. हे टोक कुणाच्या हातात नव्हतं, कशाला तरी बांधलेलं होतं. मी उठून दाराच्या कडीकडे गेलो. कडीच्या खाचेत दोन गाजरी धागे अडकले होते.

आता सगळं एका ओळीत आलं. अजैब दुसरं टोक तेगला धरायला लावायचा, त्याला कडी लागत नव्हती; आणि ज्याने बावीस वर्षं पगड्या बांधल्या, त्याला एका पगडीला फवाराभर पाणी लागत नाही. वरयाम पाजींकडे चावी नव्हती. जिंदर पाच मिनिटं आत होता. पाच मिनिटांत कात्री चालते, पण ओला कपडा कडीला बांधून, ताणून, घड्या घालून पगडी होत नाही. कपड्यावर तर घड्यांच्या तीन-चार निरनिराळ्या रेघा होत्या. कुणीतरी ती बांधली होती, सोडली होती, पुन्हा भिजवून बांधली होती. कालच संध्याकाळी. एकट्याने.

आमच्यापैकी कुणाच्याही मनात ते आलं नव्हतं. पगडी कापली म्हटलं की आम्ही वैरी शोधू लागतो. स्वतःची पगडी कुणी कापेल, हे आम्हाला सुचतच नाही.

तरी मी उठलो नाही. पुन्हा पहिल्यापासून सगळं तपासलं. कारण उत्तर मिळालं तेव्हा मला आनंद झाला होता, आणि तो चांगला आनंद नव्हता. एक्केचाळीस प्रतींवाल्या माणसाला, तेग खारा चोर निघावा असं वाटणारच. मी चुकत असेन तर ते याच कारणाने असेल. दुसऱ्यांदाही उत्तर तेच आलं.

सव्वा वाजला होता.

५

तेग गच्चीवर होता. हातात फोन, पण फोन बंद.

"गेला का तो?"

"नाही. तेग, तुला पगडी बांधता येत नाही ना?"

खाली कुणीतरी खुर्च्या मांडत होतं, गावच्या लोकांसाठी.

"शाळेत पटका बांधायचो, पोरांचा तो चौकोनी रुमाल," शेवटी तो म्हणाला. "मग मामाकडे ब्रॅम्प्टनला. तिथे टोपी. परत आलो तोवर जिंदरने गाणी लिहून ठेवली होती, सगळ्यांत पगडी. कार्यक्रमाला बांधून देणारा माणूस असायचा. आता कुणाला विचारणार, मला शिकवा म्हणून? लोक म्हणाले असते, हा कसला तेग खारा."

"अजैबला विचारायचं."

"विचारणार होतो. मग परवा जिंदरने तालीम केली." त्याने नाक पुसलं. "बाऊजी, तो गप्पा मारत बांधतो. आरसा न बघता. किरण मॅडम मॉनिटरवर त्याचा चेहरा बघून रडल्या. माझं काम चालू असलं की घड्याळ बघतात. काल मी दोन तास प्रयत्न केला. चार वेळा बांधली. चौथ्यांदा जरा बरी झाली असं वाटलं, आरशात पाहिलं तर भाजीच्या टोपलीसारखी. तशीच उचलून काढली आणि..."

"आणि कडवं? तेही तूच कापलंस?"

"तुम्हाला तेही कळलं?"

"नाही. आत्ता कळलं."

तो हसला, आणि मग त्याचा चेहरा पार उतरला. "त्याच्यावर ढकलायचं ठरवलं नव्हतं. सकाळी सगळे जमले, सगळे त्याच्याकडे बघायला लागले, आणि मला बरं वाटलं. एवढंच. बरं वाटलं." पुढे म्हणाला, "तुम्ही मॅडमना सांगणार. तुम्हाला मी आवडत नाही, मला माहीत आहे."

"मला तुझा हेवा वाटतो," मी म्हणालो. आयुष्यात हे वाक्य मी कुणाला ऐकवलं नव्हतं. "म्हणून दोनदा तपासलं. मी कुणालाच सांगणार नाही. मला चारचौघांत बोलताच येत नाही. पण जिंदरने पिशवी भरलीय, आणि त्याची आई खाऱ्यात राहते."

खालून बसचा भोंगा ऐकू आला. गाव अर्धा तास लवकर आलं होतं.

६

बसमधून आधी बायका उतरल्या, मग म्हातारे. तेगचा बापू उंच, वाकलेला, डोक्यावर पांढरी पगडी. त्याने पोराकडे पाहिलं, पोराच्या टोपीकडे पाहिलं.

"काय रे, शूटिंग आहे ना? पगडी कुठंय?"

जिंदर पिशवी घेऊन फाटकापाशी पोचला होता. गर्दीने वाट अडवल्यामुळे तो तिथेच अडकला होता.

"कापली, बापू," तेग म्हणाला.

बायकांची कुजबुज थांबली. बापूने आवाज न बदलता विचारलं, "कुणी?"

तेगने फाटकाकडे पाहिलं. त्या एका क्षणात मला खात्री वाटली की तो जिंदरचं नाव घेणार, आणि माझा सगळा तपास वहीत राहणार.

"मी. मला बांधता येत नव्हती, म्हणून. आणि सकाळी जिंदरवर घातलं. गाण्यातून त्याचं नावही मीच काढलं."

वरयाम पाजींच्या हातातली मठ्ठी तोंडापाशीच राहिली. बापू व्हॅनकडे चालत गेला, ते अकरा तुकडे त्याने गोळा केले, खांद्यावरच्या चादरीत बांधले आणि येऊन पुढच्या खुर्चीवर मांडीवर गाठोडं घेऊन बसला.

"बांधता येत नाही तर शीक," तो म्हणाला. "मी बसलोय."

तेग फाटकापर्यंत गेला. ते दोघं काय बोलले, ते मला सगळं ऐकू आलं नाही. जिंदरचं एवढं ऐकलं:

"दाढीसुद्धा उरली नसती तुझी आज."

"माहीत आहे. कडवं परत घालतोय. मॅडम," तेग मागे वळून म्हणाला, "दृश्यात माझी पगडी कापली गेलीय असं दाखवा. हा स्वतःची सोडेल आणि माझ्या डोक्यावर हाच बांधेल. मी बसून राहीन. कॅमेरा त्याच्यावर ठेवा."

"म्हणजे दृश्य त्याचं होईल," मॅडम म्हणाल्या.

"ते त्याचंच होतं."

जिंदरने पिशवी खाली ठेवली. डोक्यावरची आकाशी पगडी त्याने एकेक पेच सोडत उतरवली आणि एक टोक तेगपुढे केलं.

"धर. घट्ट धर. ओढलं की मागे सरक. नाही रे, असं नाही, गाढवा, दोन बोटांत."

अंगणभर कपडा ताणला गेला. एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरा. घडी पडली की जिंदर एक पाऊल पुढे यायचा, तेगही यायचा, आणि मधलं अंतर कमी व्हायचं. अजैब बाजूने सूचना देत होता, त्याला कुणी विचारत नव्हतं. किरण मॅडमनी हळूच कॅमेरा सुरू करायची खूण केली.

मी मागे, खाटेपाशी उभा होतो. मला वाटलं होतं, आज सगळं बोलून टाकल्यावर तेगचा हेवा तरी जाईल. त्याच्या गाण्यांचा, त्या लाखो पोरांचा, तो खरंच कमी झाला होता. पण त्या दोघांकडे पाहताना माझा हात कानामागे गेला, गजाला बांधून चुरगळलेल्या कोपऱ्यावर. आणि मला त्या पोराचा असा हेवा वाटला, की मी मान फिरवून उरलेला किनू सोलायला बसलो.